गुणांचा संदेश मुलाच्या आधी माझ्या फोनवर येतो. मी काय करावे?

प्रश्न: अंबाजोगाईची आई

नमस्कार. माझा मुलगा बारावी विज्ञान शाखेत आहे आणि येत्या मे महिन्यात वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा देणार आहे. आम्ही अंबाजोगाईचे. दहावीनंतर त्याला लातूरच्या एका क्लासमध्ये प्रवेश मिळाला, तेव्हा त्याच्या जेवणाखाण्याची आबाळ होऊ नये म्हणून मी खाजगी प्राथमिक शाळेतील अकरा वर्षांची नोकरी सोडली आणि दोन खोल्या भाड्याने घेऊन त्याच्यासोबत येथे राहायला आले. त्याचे बाबा अंबाजोगाईतच कृषी सेवा केंद्र चालवतात व पंधरवड्यातून एकदा येतात. आमच्या गल्लीत एक आई आणि एक बारावीचे मूल अशी सात-आठ बिऱ्हाडे आहेत. त्यामुळे माझ्या परिस्थितीत येथे कोणालाच काही विशेष वाटत नाही आणि कदाचित म्हणूनच मला ती कोणाजवळ बोलता आलेली नाही.

दर रविवारी क्लासची ७२० गुणांची सराव परीक्षा होते. सोमवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पालकांच्या फोनवर संदेश येतो. त्यात विषयवार गुण, एकूण गुण आणि तुकडीतील क्रमांक असतो. मुलाजवळ साधा फोन आहे, त्याला गुण दुसऱ्या दिवशी क्लासच्या फलकावर कळतात. तो अभ्यासिकेतून साडेआठला घरी येतो. म्हणजे दोन तास त्याचे गुण घरात असतात आणि ते फक्त मला माहीत असतात. ते दोन तास मी कसे काढते हे लिहितानाही संकोच वाटतो. मी वहीत मागच्या वर्षीच्या कट-ऑफमधून, म्हणजे प्रवेश मिळालेल्या शेवटच्या मुलाच्या गुणांतून, त्याचे गुण वजा करते, पुन्हा करते, कणीक मळताना मनातल्या मनात करते. जिन्यावर त्याची पावले वाजली की चेहरा नीट करून दार उघडते.

ऑक्टोबरमध्ये त्याला ५४८ गुण होते, नंतर ५१२, मग ५३१ आणि मागच्या सोमवारी ४७६. त्या रात्री जेवताना तो म्हणाला, “आई, मला फलक बघायला जायची गरजच पडत नाही. तू दार उघडलंस की कळतं.” तो रागावून बोलला नाही. नेहमीच्या आवाजात बोलला, ताट उचलले आणि मोरीत नेऊन ठेवले. मला मात्र त्यानंतर रात्रभर झोप लागली नाही.

तशीही मला अलीकडे पहाटे तीनला जाग येते. छातीत धडधडते म्हणून दवाखान्यात जाऊन आले, तपासण्या व्यवस्थित आल्या. रोज रात्री नऊ वाजता त्याच्या बाबांचा फोन येतो आणि पहिले वाक्य असते, “काय म्हणतोय अभ्यास?” गेल्या महिन्यात ते मला म्हणाले की सरकारी महाविद्यालयात नंबर लागला नाही, तर दीड एकर काढू आणि खाजगीत घालू. फोन स्पीकरवर होता आणि मुलगा पलीकडच्या खोलीत होता. त्याने ते ऐकले असणार, पण तो त्याविषयी आजवर एक शब्दही बोललेला नाही.

मला विचारायचे आहे ते असे. मी गुण बघणेच बंद करावे का, की ते आई म्हणून हात झटकल्यासारखे होईल? आणि ज्यांची मुले यातून गेली आहेत, त्यांनी या काळात स्वतःच्या काळजीचे काय केले?

प्रतिसाद १: गोदाकाठ, नांदेड

ताई, माझ्या लेकीने नीट दोनदा दिली. ती आता उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून मला हे थोडे शांतपणे लिहिता येते. त्या दोन वर्षांत मी शांत नव्हतो.

पहिल्या वर्षी मी तिच्या प्रत्येक सराव परीक्षेचा आलेख काढून कपाटाच्या दारावर चिकटवला होता. मी बँकेत नोकरी करत होतो, आकडे मांडले की परिस्थिती आटोक्यात आली असे वाटण्याची मला सवय होती. ते कपाट तिच्या पलंगासमोर होते, म्हणजे दिवा मालवण्याआधी तिला रोज शेवटची तीच रेघ दिसत होती. वर्षभर माझ्या हे लक्षात आले नाही. पहिल्या प्रयत्नात नंबर लागला नाही आणि पुन्हा परीक्षा द्यायचे ठरले, तेव्हा तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, “बाबा, तो कागद काढा.” त्याच आठवड्यात मी क्लासच्या कार्यालयात अर्ज देऊन संदेशासाठी तिचाच क्रमांक लावून घेतला. तेथील कर्मचाऱ्याने दोनदा विचारले की पालक म्हणून तुम्हाला खरोखरच माहिती नको आहे का. मला त्या वेळी अपराध्यासारखे वाटले, तरी मी सही केली.

माझी काळजी मात्र सही करून संपली नाही. त्या काळजीला काहीतरी काम देणे भाग होते आणि ते काम मला कागदपत्रांत सापडले. वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर आणि सर्वांत चिवट म्हणजे जात पडताळणी. आमच्याकडे पडताळणीसाठी आजोबांचा शाळेचा पुरावा लागत होता. माझे वडील कंधार तालुक्यातील ज्या शाळेत शिकले, तेथे मी तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला मुख्याध्यापकांनी जुने कपाट उघडले आणि प्रवेश-निर्गम नोंदवहीत वडिलांचे नाव सापडले, जन्मतारखेसमोर अंदाजाने लिहिलेली तारीख आणि शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात “गैरहजर” एवढाच शब्द. त्या रात्री मी लेकीला त्या नोंदवहीविषयी सांगितले. आजोबा गैरहजर का राहिले असतील यावर आम्ही दोघे बराच वेळ बोलत बसलो. कित्येक महिन्यांत आमचे अभ्यास सोडून झालेले ते पहिले बोलणे होते.

तुम्ही कोणत्या प्रवर्गात आहात हे मला माहीत नाही, त्यामुळे यातील कोणते कागद तुम्हाला लागतील ते तपासून घ्या. राज्याच्या ८५ टक्के कोट्यातील जागांसाठी अधिवास आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून झाल्याचे दाखले पाहिले जातात. आपल्या मराठवाड्यात अजूनही अनेक पालक जुन्या ७०:३० प्रादेशिक सूत्राचे (७० टक्के जागा त्याच विभागातील मुलांना, ३० टक्के राज्यातील इतर विभागांना) हिशेब मांडत बसतात. ते सूत्र २०२० मध्येच रद्द झाले आहे, म्हणून त्या काळातील कट-ऑफ पाहून घाबरण्यात किंवा निर्धास्त होण्यात काही अर्थ नाही.

जमिनीविषयी एवढेच सांगेन की तो विषय बंद दाराआड ठेवू नका. मुलाने ऐकले असेल, तर तो रोज दीड एकर डोक्यावर घेऊन सराव परीक्षेला बसत असेल. नीटच्या गुणांवर दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि पशुवैद्यक या शाखांचेही प्रवेश होतात. माझ्या लेकीने पशुवैद्यक ही शाखा नाइलाज म्हणून निवडली असे आमच्या नातेवाइकांना अजून वाटते. तिचा पहिल्या वर्षाच्या सुट्टीतील उत्साह मी पाहिला आहे, म्हणून त्यांच्याशी वाद घालत नाही.

प्रतिसाद २: निवृत्त अध्यापक, सोलापूर

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होतो. वरील प्रतिसादातील भावना मला मान्य आहे, परंतु पालकाने गुणांकडे अजिबात पाहू नये हे मला पटत नाही. अडचण अशी आहे की पालक फक्त बेरीज पाहतात आणि बेरजेतून फारच थोडे कळते.

ताई, ५४८ वरून ४७६ म्हणजे ७२ गुणांची घट. हा आकडा ऐकताना मोठा वाटतो. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा १ गुण वजा होतो, म्हणजे एक बरोबर येणारे उत्तर चुकले की ५ गुणांचा फरक पडतो. या हिशेबाने तुमच्या मुलाची ही सगळी घसरण १८० प्रश्नांपैकी साधारण १४ प्रश्नांची आहे. हे १४ प्रश्न कोणते, हे त्याच्या उत्तरपत्रिकेतच लिहिलेले असते. येत असूनही घाईत चुकलेले, येत नसताना अंदाजाने सोडवलेले आणि वेळ न उरल्याने राहून गेलेले, असे तीन गठ्ठे त्याने स्वतः करावेत. पहिला गठ्ठा मोठा निघाला, तर प्रश्न झोपेचा किंवा घाईचा असू शकतो. दुसरा मोठा असेल, तर कोणता धडा पुन्हा वाचायचा ते कळते. तिसरा मोठा असेल, तर भौतिकशास्त्राला किती मिनिटे जातात ते घड्याळ लावून पाहावे. शिवाय ती परीक्षा संपूर्ण अभ्यासक्रमावर होती की काही धड्यांवर, हेही पाहावे लागेल. ऑक्टोबरची अकरावीच्या भागावरील परीक्षा आणि डिसेंबरची पूर्ण अभ्यासक्रमाची परीक्षा यांची तुलना करणे योग्य नाही.

तुम्ही मागच्या वर्षीच्या कट-ऑफमधून गुण वजा करता असे लिहिले आहे. कृपया तेवढे बंद करा. २०२४ च्या नीटचा पहिला निकाल लागला, तेव्हा ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. पुढच्याच वर्षी भौतिकशास्त्राचे प्रश्न इतके अवघड आले की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण मिळाले. ज्या पालकांनी २०२५ च्या मे महिन्यात २०२४ चे आकडे समोर ठेवून घरी रडारड केली, त्यांच्यापैकी काहींच्या मुलांना पुढे चांगले प्रवेश मिळालेले मी पाहिले आहेत. प्रवेश गुणवत्ता क्रमांकावर मिळतो आणि त्या वर्षीचा पेपर सर्वांना सारखाच अवघड असतो.

आणखी एक गोष्ट. मुलाने एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) गटाचा अर्ज भरला नसेल, तर तो जरूर भरावा. औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी पदवीचे दरवाजे त्या परीक्षेने उघडतात, तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत आणि प्रश्न बहुतांशी बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात, ज्याची तयारी बोर्डासाठी होणारच असते. अर्ज भरणे म्हणजे नीटवरचा विश्वास उडणे, असे मुलांना वाटू देऊ नये. माझ्या एका अत्यंत हुशार विद्यार्थ्याने केवळ या समजुतीपायी सीईटी दिली नव्हती आणि त्याचे एक वर्ष गेले, याची मला आजही खंत वाटते, कारण त्या वेळी मीही त्याला आग्रह केला नव्हता.

प्रतिसाद ३: दुसरा प्रयत्न

काकू, मी सध्या एका शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला दुसऱ्या प्रयत्नात प्रवेश मिळाला. वरचे दोन्ही प्रतिसाद मोठ्या माणसांचे आहेत, म्हणून खोलीच्या आतल्या बाजूने काय ऐकू येते ते लिहिते.

सगळे ऐकू येते. टीव्हीचा आवाज शून्यावर नेल्याचे ऐकू येते, मावशीचा फोन आला की आई गॅलरीत जाऊन दार लोटून घेते तेही ऐकू येते. आमच्या घरी कोणीही मला कधी रागावले नाही. पण माझा नंबर लागेपर्यंत गोड खाणार नाही, असा नवस माझ्या आईने केला होता. तिने तो प्रेमानेच केला होता आणि मला सांगितलाही नव्हता, मला आजीकडून कळला. त्यानंतर होळीला पुरणपोळी झाली, पाडव्याला श्रीखंड झाले आणि प्रत्येक वेळी आईच्या ताटात ती जागा मोकळी असायची. पहिल्या वर्षी निकाल लागला, तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार हा होता की आता आई आणखी एक वर्ष गोड खाणार नाही. स्वतःच्या वर्षाचा विचार त्यानंतर आला.

तुम्ही नोकरी सोडून आलात हे वाचून मला थोडी भीती वाटली. तुमचा निर्णय चुकला असे मला म्हणायचे नाही, माझी आई सोबत नसती तर मी आजारीच पडले असते. पण तुमचा मुलगा सकाळी जातो आणि रात्री साडेआठला येतो, त्यामधल्या वेळात तुमच्याजवळ त्याच्या गुणांशिवाय दुसरे काय असते? दुसऱ्या वर्षी माझी आई दुपारी शेजारच्या तीन लहान मुलांना शिकवू लागली. संध्याकाळी मी घरी आले की ती मला त्या मुलांच्या गमती सांगत असे, एकाने ‘क्ष’ कसा काढला आणि दुसरा पाढे म्हणताना तेरापाशी कसा अडतो. मला ते ऐकायला फार आवडायचे. घरात परीक्षा देणारी मी एकटीच नाही, असे तेव्हा वाटायचे. तुम्ही तर अकरा वर्षे शिकवले आहे.

गुण कोणी आधी बघावेत हे मला सांगता येणार नाही, कारण माझ्या मैत्रिणीला उलट हवे होते. तिच्या आईने गुण आधी पाहून तिला सांगावेत, असा तिचाच आग्रह होता. तुम्ही त्यालाच विचारा ना. सोमवारी मात्र नको, गुरुवारी वगैरे विचारा.

प्रतिसाद ४: समुपदेशक, छत्रपती संभाजीनगर

मी थोडक्यात लिहिते. सराव परीक्षेनंतर दोन दिवस गप्प राहणे, चिडणे, भूक कमी होणे हे या वयात आणि या वर्षात अनेक मुलांमध्ये दिसते. पण झोप किंवा जेवण सलग दोन आठवडे बिघडलेले राहिले, आवडीच्या गोष्टींतून मन पूर्ण उडाले, किंवा “मी तुमच्यावर ओझे आहे”, “माझ्यामुळे सगळे संपले” अशा अर्थाचे काही तो बोलला, तर ते परीक्षेच्या ताणाचे बोलणे म्हणून सोडून देऊ नये. त्याला त्याच दिवशी सरळ विचारावे की तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का. असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. अशा वेळी त्याला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांची मदत घ्यावी. टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि तेथे मराठीत बोलता येते.

हा क्रमांक पालकांसाठीही आहे. ताई, पहाटे तीनला जाग, छातीत धडधड आणि तपासण्या मात्र व्यवस्थित, हे तुम्ही स्वतःविषयी लिहिले आहे. तुम्ही तेथे बोलावे असे मला मनापासून वाटते. त्यासाठी मुलाची परीक्षा संपण्याची वाट पाहू नका. मुलाच्या झोपेलाही हात लावू देऊ नका. या वयात आठ तास तरी लागतातच आणि रात्री उशिरापर्यंत जागून वाचलेले सकाळी आठवत नाही, ही तक्रार मी रोज ऐकते.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर: अंबाजोगाईची आई

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा-तीनदा वाचले. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण आधी त्याच्याशी बोलून मग लिहावे असे ठरवले होते.

गुरुवारी रात्री विचारले. मला वाटले होते की तो म्हणेल, तू गुण बघू नकोस. तो म्हणाला, “बघ, पण मला सांगू दे.” मी समजले नाही, तेव्हा त्याने समजावून सांगितले. त्याला गुण स्वतःच्या तोंडाने सांगायचे आहेत, जेवण झाल्यावर, आणि ते सांगताना समोरच्याला आधीच माहीत आहेत असे त्याला वाटायला नको आहे. शाळेत असताना तो दप्तर टाकायच्या आधी दारातूनच गुण सांगायचा, हे मला त्या क्षणी आठवले. ती गोष्ट त्याच्याकडून केव्हा काढून घेतली गेली, ते माझ्या लक्षातही आले नव्हते. आता संदेशाचा क्रमांक त्याचाच आहे. त्याच्या साध्या फोनवरही संदेश येतोच, एवढी साधी गोष्ट आम्हाला कोणालाच सुचली नव्हती.

जमिनीचे त्याने ऐकले होते. गोदाकाठ यांनी लिहिले ते खरे निघाले. त्याने बाबांशी स्वतः फोनवर बोलून सांगितले की माझ्यासाठी जमीन काढायची नाही, नंबर लागला नाही तर काय करायचे ते आपण जूनमध्ये बसून ठरवू. बाबा बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरं.” आता ते बुधवारी आणि शनिवारी फोन करतात. परवा त्यांनी त्याला हरभऱ्यावर घाटेअळी पडल्याचे सांगितले आणि दोघे त्या अळीच्या जीवनचक्रावर दहा मिनिटे बोलले.

सरांनी सांगितलेले तीन गठ्ठे त्याने ४७६ गुणांच्या पेपरचे केले. घाईत चुकलेले नऊ प्रश्न निघाले आणि त्यांतले सहा शेवटच्या अर्ध्या तासातील होते. सीईटीच्या अर्जाविषयी तो आधी नाराज झाला, आता हो म्हणाला आहे. लहान मुलांच्या शिकवणीचे मी घरमालकीणबाईंशी बोलले आहे. त्यांची नात दुसरीत आहे, तिच्यापासून सुरुवात होईल. समुपदेशक ताईंनी दिलेल्या क्रमांकावर मी मंगळवारी फोन केला. पुन्हा करणार आहे.

काल सोमवार होता. साडेसहा वाजले, तेव्हा मी नेहमीप्रमाणे फोनकडे पाहिले. पडद्यावर काहीच नव्हते. मी भाजी चिरायला घेतली आणि हाताला कंप होता हे खोटे कशाला सांगू. तो आला, जेवला, ताट ठेवले आणि म्हणाला, “चारशे अठ्ठ्याण्णव. भौतिकशास्त्र अजून वाईटच आहे.” मी विचारले, “कोणता भाग?” तर त्याने मला पाऊण तास घूर्णन गती समजावून सांगितली. मला त्यातले फारसे कळले नाही, पण मी उठले नाही.

अधिवास प्रमाणपत्राच्या अर्जासाठी उद्या अंबाजोगाईला जाते आहे. दोन रात्री तिकडेच राहीन. अकरावीपासून आजवर मी त्याला येथे एकटे ठेवलेले नाही. त्याने डब्याची सोय स्वतः पाहिली आहे आणि मला बसस्थानकावर सोडायला तोच येणार आहे.